डोळे उघडे ठेवून आमेन

आमच्या घरी रात्रीच्या जेवणाआधी प्रार्थना होते आणि ती सुधाकरराव सांगतात. सुधाकरराव म्हणजे माझे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत आणि नगरच्या आमच्या चर्चच्या मंडळीत ज्येष्ठ म्हणून त्यांना मान आहे. त्यांची प्रार्थना एसटीच्या लांब पल्ल्याच्या गाडीसारखी ठरलेले थांबे घेत जाते. आधी सरकार, मग सीमेवरचे जवान, मग दवाखान्यातले आजारी, मग सगळे नातेवाईक, गावांच्या क्रमाने. गाडी खान्देशात पोचेपर्यंत आवाज खाली उतरलेला असतो आणि पुष्कळदा तिथेच ती बंद पडते. मी जरा वाट बघते, मोठ्यानं आमेन म्हणते आणि भात वाढायला घेते. "झोपलो नव्हतो, मनन करत होतो," हे वाक्य आता मला पाठ आहे.

तेवढ्या वेळात मी काय करते, असं विचाराल तर उद्याच्या भाजीचं ठरवते. म्हणजे प्रार्थनेला बसलेले दोघं आणि प्रार्थनेत कोणीच नाही, असा आमचा कारभार.

अशा या घरात डिसेंबरात अक्कांचा फोन आला. अक्का म्हणजे सुधाकररावांची थोरली बहीण. लग्न होऊन शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात गेल्या आणि तिथल्याच झाल्या. त्यांचे यजमान, आमचे नाना, पावसाळ्यात वारले. एसटीत ड्रायव्हर होते. शेवटची काही वर्षं गुडघ्यांनी आणि मग श्वासानं त्यांना फार छळलं.

"सुधा, एकदा ये आणि माझ्या घरात प्रार्थना सांग रे," अक्का म्हणाल्या. "मला जमेना झालंय. हात जोडते, डोळे मिटते, पुढं शब्दच नसतो. पाळक येऊन गेले, मंडळीतल्या बायका येऊन गेल्या. आता तू ये. तुझ्यानंही काही झालं नाही, तर मी परत कोणाला सांगायची नाही."

सुधाकररावांनी फोन ठेवला आणि कॉलर नीट केली. "मोठा विश्वास आहे तिचा माझ्यावर," म्हणाले. मला अक्कांची काळजी वाटत होती. हसऱ्या, बडबड्या, रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला हाक मारून चहा पाजणाऱ्या अक्का. त्या गप्प झाल्या तर त्या घरात उरणार काय? आणि त्यांना बोलतं करायला निघाले होते कोण, तर आमचे मननवाले.

दोनच दिवसांत निघालो. कोणी या बाजूला जाणार असाल तर सांगते, नगरहून संभाजीनगर, सिल्लोड, फर्दापूर असा रस्ता घ्या. पहाटे निघालात तर दुपारच्या जेवणाला जळगावात पोचता. घाटात ट्रकांच्या मागं धीर धरावा लागतो, बाकी रस्ता चांगला आहे. गाडी मी चालवते, कारण सुधाकररावांना बाजूच्या सीटवर बसलं की पट्टा लावल्या लावल्या झोप लागते. निघताना त्यांनी प्रवासाची प्रार्थना सांगितली, "आम्हाला सुखरूप पोचव" इथवर आले आणि स्वतः पोचले. सिल्लोडला चहासाठी उठवलं तेव्हा विचारतात, "घाट गेला का?" घाट अजून यायचा होता. तोही त्यांनी झोपेतच पार केला.

जळगावात स्टेशनपासून जवळ एका साध्या लॉजवर उतरलो. स्वच्छ खोली, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच, हे लक्षात ठेवा. मॅनेजरला विचारलं, भरीत कुठं चांगलं मिळेल? त्यानं आम्हाला भुसावळच्या रस्त्याला, नशिराबादच्या अलीकडे एका शेतातल्या छपरात पाठवलं. हिवाळ्यात जळगावला जाऊन भरीत न खाणारा माणूस मला भेटलेला नाही आणि भेटायचीही इच्छा नाही. तिथं हिरवी, पांढुरकी, हाताएवढी वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजत होते. मग लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसणाबरोबर ठेचून वर कांद्याची पात. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. दोघांचं पोटभर जेवण चारशेच्या आत झालं.

ताट समोर आल्यावर सुधाकररावांनी डोळे मिटले आणि अन्नाबद्दल आभार मानायला सुरुवात केली. सरकारपाशी पोचले तेव्हा वाढणारी बाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "ताई, भाऊले सांगा ना, भरीत थंड व्हई ऱ्हायनं." मी सांगितलं. ज्याच्याबद्दल आभार मानायचे तेच निवत होतं, हे त्यांनाही पटलं असावं, कारण जवान आणि आजारी त्या दिवशी एकाच वाक्यात उरकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावहून चोपड्याच्या रस्त्याला लागलो. विदगावजवळ तापीचा पूल येतो. तिथं पूल संपल्यावर बाजूला जागा बघून थांबा. पात्र रुंद, पाणी संथ, काठावर धुकं होतं आणि एक माणूस म्हशींना आत घालत होता. मी गाडी थांबवून सुधाकररावांना हलवलं. "अहो, तापी." त्यांनी "हं, सुंदर" म्हटलं. डोळे उघडले नव्हते. पुढे चोपड्यापर्यंत केळीच्या बागा संपतच नाहीत. घड कापून ट्रकात भरणं चाललेलं, रस्त्यावर पानांचा कचरा, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. चोपड्यात गरम शेवभाजी आणि पाव खाऊन घेतला. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा, नाहीतर माझ्यासारखं दोन ग्लास ताक लागेल. पुढे अनेर नदी ओलांडली की धुळे जिल्हा लागतो आणि केळी मागं पडून कापूस दिसायला लागतो. दुपारी अक्कांच्या दारात गाडी थांबवली, तेव्हा सुधाकरराव ताजेतवाने होऊन उतरले आणि म्हणाले, "प्रवास अगदी छान झाला."

अक्का बारीक झाल्या होत्या. मला जवळ घेतलं, "रजनी, किती दमलीस," म्हणाल्या आणि आत चहा टाकायला गेल्या. पूर्वी त्या चहा टाकताना सगळ्या गल्लीची खबर सांगायच्या. आज नुसता भांड्यांचा आवाज येत होता.

ओट्यावर शेजारचे आबा येऊन बसले. सत्तरीचे, कापूसवाले शेतकरी, नानांचे जिवलग. देवळात जाणारे, गळ्यात माळ असलेले, पण नानांच्या संध्याकाळच्या प्रार्थनेला रोज हजर असायचे. मला त्याचं जरा नवल वाटलं, तसं मी विचारलं.

"नाना व्हतात तवय दिनभर डोया उघडा ठेवना पडेत," आबा म्हणाले. "सांजले इचारेत ना! आज काय देखं?"

मग अक्कांनीच चहा देता देता समजावलं. नानांची रीत अशी होती: दिवस मावळायच्या वेळी ओट्यावर बसायचं, डोळे उघडे ठेवायचे. नाना म्हणत, आयुष्यभर स्टिअरिंग धरलं, डोळे मिटून गाडी चालत नाही तर प्रार्थना कशी चालेल? मग प्रत्येकाला एकच प्रश्न, 'आज काय देखं?' म्हणजे आज काय पाहिलंस? जे पाहिलं असेल त्यातल्या एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे. गोष्ट आजचीच पाहिजे. कालचं तिकीट आज चालत नाही, म्हणायचे. आणि 'आरोग्य दिलंस, कुटुंब दिलंस' असं गोळाबेरीज केलेलं तर अजिबात नाही. नेमकं सांगायचं. ओट्यासमोरून जाणाऱ्या दूधवाल्यालाही ते सोडत नसत.

"गुडघ्यानं उभं राहता येईना, तरी रोज काहीतरी सापडायचं त्यांना," अक्का म्हणाल्या. "एकदा म्हणे, आज माशी कानावर बसली आणि मला ऐकू आली, कान शाबूत आहेत, आभार. मी हसून हसून बेजार." असं म्हणताना त्या हसल्या मात्र नाहीत. "आता विचारणाराच गेला. मी कोणासाठी बघू?"

सुधाकररावांनी हे सगळं ऐकलं आणि घसा साफ केला. त्यांच्या मते प्रार्थना ओट्यावर, डोळे उघडे ठेवून, दूधवाल्यासकट होत नसते. प्रार्थनेला शिस्त लागते. दिवस मावळायला आला तेव्हा त्यांनी आम्हाला आतल्या खोलीत उभं केलं. अक्का, मी, दाराशी आबा. भिंतीवर नानांचा खाकी गणवेशातला फोटो, त्याला ताज्या झेंडूचा हार. सुधाकररावांनी डोळे मिटले. मी त्या दिवशी भाजीचा विचार केला नाही. अक्कांनी हात जोडले होते आणि मी मनात म्हणत होते, प्रभू, या माणसाला आज तरी जागं ठेव.

सुरुवात चांगली झाली. आवाज भारदस्त, शब्द नेमके. सांत्वन, आशा, स्वर्गीय पिता. अक्कांनी मान खाली घातली. मला वाटलं, जमतंय. मग गाडी नकळत जुन्या रस्त्याला लागली. सरकार आलं. जवान आले. आवाजाला ती ओळखीची लय आली. मी त्यांच्या बाहीला हात लावेपर्यंत ते नातेवाइकांपर्यंत पोचले होते.

"...आणि हे प्रभू, शिरपूरकडच्या आमच्या नानांची आठवण कर. त्यांच्या गुडघ्यांना बळ दे. त्यांना लवकर बरं कर..."

ज्यांना याच माणसानं जुलैच्या चिखलात खांदा दिला होता, त्यांच्या गुडघ्यांना तो बळ मागत होता, आणि तेही त्यांच्याच फोटोखाली उभं राहून. पुढच्याच क्षणी सुधाकररावांच्या लक्षात आलं. त्यांनी डोळे उघडले. इतके उघडे डोळे मी लग्नाच्या दिवशीही पाहिले नव्हते. कान लाल झाले.

अक्कांनी मान वर केली. भावाकडे पाहिलं. मग अगदी नानांच्या बोलीत म्हणाल्या, "त्या तं आते बरा शेतस रे, सुधा. तू जागा व्हय."

म्हणजे, ते तर आता बरे आहेत, तू जागा हो. आधी आबांच्या तोंडून एक आवाज निघाला, शिंक की हसू कळेना. मग अक्का हसायला लागल्या. पदर तोंडाला लावला, तरी थांबेना. पलंगावर बसल्या, हसता हसता रडल्या, रडता रडता परत हसल्या, आणि मी त्यांच्याशेजारी बसून तेच केलं. सुधाकरराव मधोमध उभे, हात अजून जोडलेले.

"चला, भायेर चला," आबा म्हणाले. "आठे हवा नही." आठे म्हणजे इथं.

बाहेर ओट्यावर अजून उजेड होता. समोरून बैलगाडी गेली, धूळ उडाली. सगळे बसल्यावर अक्कांनीच विचारलं. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा त्या घरात तो प्रश्न आला. "सुधा, आज काय देखं?"

"सुखरूप प्रवास..." सुधाकररावांनी सुरुवात केली.

"ते रोजचं. आज काय?"

बिचाऱ्यांची पंचाईत झाली. तापी झोपेत, केळी झोपेत, अनेर झोपेत. शेवभाजी तेवढी जागेपणी खाल्ली होती, पण ती आठवायलाही त्यांना माझ्याकडे बघावं लागलं. मी मदत केली नाही. आबांनी त्यांना सवड दिली आणि स्वतःचं सांगितलं, "आज कापूस येचाले बठ्ठ्या बाया उन्यात. एकबी घर नही ऱ्हायनी." वेचणीला एकूण एक बाई आली, एकही घरी राहिली नाही, याबद्दल आबांनी वर बघून हात जोडले. मी तापीवरच्या म्हशींचं सांगितलं. परत पाळी सुधाकररावांवर आली.

त्यांनी बहिणीकडे पाहिलं. मग म्हणाले, "अक्का, तू हसलीस. ते मी पाहिलं."

बस एवढंच. ना सरकार, ना जवान. माझ्या नवऱ्याची सगळ्यात लहान प्रार्थना मी त्या ओट्यावर ऐकली आणि मला त्यांचा फार अभिमान वाटला, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. इथे वाचतील.

अक्का म्हणाल्या, "मग माझंही तेच. प्रभू, आज मला हसू आलं. आमेन." आणि उठून बट्ट्या तळायला गेल्या. वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी होती. सुधाकरराव जेवताना सहसा बोलत नाहीत, त्या दिवशी त्यांनी प्रत्येक पदार्थाचं नाव विचारून घेतलं.

सकाळी मी आणि अक्का शेताच्या वाटेनं फिरायला गेलो. पावरा आदिवासी बायका डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन डोंगराकडून उतरत होत्या. त्यातल्या एकीनं अक्कांना हाक मारली, "आज उशीर?" अक्का थांबून तिच्याशी बोलल्या. मला बरं वाटलं. मी तसं म्हटलं, तर त्यांनी चालता चालता जे सांगितलं त्यानं माझं बरं वाटणं जरा खाली आलं.

"रजनी, बाईच्या मोळीबद्दल, उन्हाबद्दल आभार मानेन मी. हळूहळू जमेल. पण नानांचं नाव घेऊन आभार मानायला गेले की रागच येतो. दिलं होतं तर इतक्या लवकर नेलं का? आभार कसले? तुझ्याशी खोटं बोलत नाही आणि देवाशी तर खोटं बोलताच येत नाही."

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही पाटापर्यंत जाऊन परत आलो.

परतीचा रस्ता आम्ही धुळ्यावरून घेतला. शिरपूरहून धुळ्यापर्यंत हायवे मोठा आहे, टोलची तयारी ठेवा. सोनगीरला थांबलात तर तांब्या-पितळेची भांडी बघा, ठोक्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. मी एक छोटी पितळी घागर घेतली, थोडी घासाघीस केली, ती दुकानदारानं मनावर घेतली नाही. धुळ्याबाहेर लळिंगचा किल्ला दिसतो. वर जायला वेळ नव्हता, खालूनच बघितला.

खरा बदल गाडीत झाला होता. सुधाकरराव जागे होते. आता ही चांगली गोष्ट आहे असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं, चाळीसगाव येईपर्यंत. "ती बघ, बैलाच्या शिंगांना निळा रंग. आभार." "ते बघ, पोरगी सायकलवर ऊस खातेय. आभार." "स्पीडब्रेकर होता, तुला दिसला नाही, मला दिसला. आभार." कन्नडच्या घाटात मी एका ट्रकला ओलांडत होते तेव्हाही त्यांना डावीकडची माकडं दाखवायची होती. शेवटी मीच म्हटलं, "अहो, जरा मनन करा ना."

घरी येऊन आता दीड महिना झाला. या प्रवासातून काय उरलं, असं विचाराल तर पितळी घागर आहे, भरिताची चव अजून जिभेवर आहे, आणि रोज संध्याकाळी अक्कांचा फोन येतो. स्पीकर लावून आम्ही दोघं बसतो. "आज काय देखं?" आधी आमची पाळी. सुधाकरराव दिवसभर खिडकीतून टेहळणी करतात, तरी ऐन वेळी अडतात आणि माझं चोरायला बघतात. मला पाचपैकी चार दिवस खरंच काहीतरी दिसलेलं असतं. पाचव्या दिवशी मी आमटीबद्दल सांगून वेळ मारून नेते, अक्कांना ते कळतं. मग त्यांचं. कधी दारातल्या शेवग्याला आलेली फुलं, कधी आबांनी पाठवलेली बोरं. नानांचं नाव येत नसे. आम्ही ते काढत नव्हतो.

गेल्या आठवड्यात एक दिवस त्यांचा आवाज जड होता. आमचं सांगून झालं, मग आम्ही विचारलं, तुमचं काय?

"आज काहीच नाही," अक्का म्हणाल्या. "आज दिवसभर तेच दिसत होते. विहिरीवर तेच, ओट्यावर तेच. दुसरं काही दिसलंच नाही."

सुधाकररावांनी फोन जवळ ओढला. "मग त्यांचंच सांग."

"ते जुनं झालं रे सुधा. आजचं पाहिजे, कालचं चालत नाही, असं तेच म्हणायचे."

"काल मानले होतेस त्यांच्याबद्दल आभार?"

"नाही."

"त्याआधी? ते गेल्यापासून?"

पलीकडे लांबवर कुठेतरी ट्रॅक्टर चालला होता, तेवढाच आवाज.

"एकदाही नाही," अक्का म्हणाल्या.

"मग ते आजचंच आहे," सुधाकरराव म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते टक्क जागे होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. फोनमधून अक्कांचा श्वास ऐकू आला, मग आवाज आला. तो हलत होता, पण थांबला नाही.

"प्रभू, तू मला हा माणूस दिला होतास," त्या म्हणाल्या, आणि मग एकेक सांगत राहिल्या.